डीजेची लायब्ररी: बॅकअप कसा घ्यायचा आणि जोडीदाराला कशी द्यायची

मे महिना, दारव्ह्याजवळच्या एका गावात हळदीची सुपारी. दुपारी ४ वाजता मांडवात सेट लावला, लॅपटॉप चालू केला, आणि आतल्या हार्ड डिस्कमधून टक, टक, टक असा आवाज यायला लागला. पडदा काळाच. बाहेर ऊन ४४ अंश, समोर नवरदेवाचे मामा उभे, आणि माझ्याकडे वाजवायला एक गाणं नाही. माझ्यासोबत डीजे वाजवणाऱ्या जोडीदाराच्या पेनड्राइव्हमध्ये तीनेकशे गाणी होती, त्यावर रात्री १० पर्यंत कसंबसं निभावलं. एक गाणं तर चारदा वाजलं. पैसे पूर्ण मिळाले, पण त्या गावातून मला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत बहुतेक गाणी परत जमा झाली. चालणारं गाणं कुठे ना कुठे मिळतंच. चार वर्षं बसून लावलेले क्यू पॉइंट, म्हणजे गाणं नेमकं कुठून उचलायचं त्याच्या खुणा, मात्र परत आले नाहीत. हळदीपासून वरातीपर्यंतच्या याद्या गेल्या. होळीला एका तांड्यावर मिक्सरमधून थेट रेकॉर्ड केलेली लेंगी (बंजारा होळीगीतं) गेली, केळापूरकडच्या एका कार्यक्रमातला ढेमसा (आदिवासी नाचाचं वादन) गेला. ती रेकॉर्डिंग जगात फक्त माझ्याच डिस्कवर होती. म्हणून खाली जे सांगतोय, त्यात गाण्यांच्या फाइलींपेक्षा या बाकीच्या मालाकडे जास्त लक्ष द्या.

नव्याने सेट घेतलेल्या पोट्ट्यांसाठी हे लिहितोय. विंडोजचा लॅपटॉप धरून सांगतो, कारण आपल्याकडे दहातले नऊ जण तोच वापरतात.

लागणारं सामान

- लॅपटॉप आणि त्यात तुमचा नेहमीचा डीजे प्रोग्राम
- बाहेरून जोडायची एक एसएसडी (५०० जीबी पुष्कळ होते)
- कपाटात ठेवायला एक साधी बाहेरची हार्ड डिस्क, १ टीबी
- ६४ जीबीचे दोन चांगल्या कंपनीचे पेनड्राइव्ह
- फ्रीफाइलसिंक, क्रिस्टलडिस्कइन्फो आणि एच२टेस्टडब्ल्यू हे तीन फुकट प्रोग्राम
- एक वही. हसू नका, वही लागते.

१. सगळी गाणी एका छताखाली आणा

पहिल्या दिवशी डिस्क विकत घ्यायला धावू नका. आधी बघा, तुमची गाणी आहेत कुठे. थोडी डाउनलोड्समध्ये, थोडी डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर ३' मध्ये, थोडी मोबाइलच्या व्हॉट्सअॅपमध्ये आणि बाकीची कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर. अशा पसाऱ्याचा बॅकअप होत नाही, पसाराच दुप्पट होतो.

डी ड्राइव्हवर एकच मोठा फोल्डर करा आणि त्याच्या आत हळद, वरात, जयंती, गणपती-दुर्गा, पोळा, होळी, जुनी हिंदी, लहान मुलं असे भाग पाडा. १४ एप्रिलसाठी भीमगीतांचा फोल्डर वेगळा आणि भरलेला पाहिजे, त्या दिवशी शोधत बसायला वेळ नसतो. 'स्वतःचं' नावाचा एक फोल्डर करून त्यात तुमचे रिमिक्स, आवाज दिलेल्या एंट्र्या आणि गावातल्या रेकॉर्डिंग ठेवा. 'आवक' नावाचा आणखी एक करा. बाहेरून आलेलं प्रत्येक गाणं आधी आवकमध्ये उतरलं पाहिजे, तिथून पुढे.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत लिहा. देवनागरी नावं लॅपटॉपवर नीट दिसतात, पण पेनड्राइव्ह लावायच्या कित्येक मशीनवर त्यांच्या जागी नुसते चौकोन येतात.

सापळा: फोल्डर एकदा ठरले की डीजे प्रोग्राम बंद ठेवून त्यांची नावं बदलू नका. प्रोग्राम गाण्याचा पत्ता लक्षात ठेवतो. तुम्ही 'हळद' चं 'हळदी' केलं की त्याच्या लेखी घर पाडलं, आणि यादीतली सगळी गाणी सापडत नाहीत असं दिसतं. बाहेरच्या ड्राइव्हचं अक्षर बदललं तरी बहुतेक वेळा हीच गत होते. त्यासाठी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन गाण्यांच्या ड्राइव्हला एम किंवा त्यापुढचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका. सुरुवातीची अक्षरं पेनड्राइव्ह लावता लावता कोणीही पळवतं.

२. किती जागा लागेल, हिशेब करा

३२० केबीपीएसचं एमपी३ मिनिटाला साधारण २.४ एमबी खातं. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे १२ एमबी, आणि १२,००० गाणी म्हणजे १४४ जीबी. तीच गाणी डब्ल्यूएव्हीमध्ये (न दाबलेल्या मोठ्या फाइलींत) ठेवली तर मिनिटाला १० एमबीच्या आसपास, म्हणजे ६०० जीबी. गावातल्या मांडवात दोन टॉप, दोन बेसच्या स्पीकरवर चांगल्या ३२० आणि डब्ल्यूएव्हीमधला फरक मला तरी ऐकू आलेला नाही. १२८ चं गाणं ओढूनताणून ३२० केलेलं असेल तर मात्र लगेच कळतं, वरचा आवाज चिरका आणि पोकळ लागतो. स्पेक नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये असं गाणं टाकलं की १६ किलोहर्ट्झच्या वर चित्र बहुधा कापल्यासारखं काळं दिसतं. अशी गाणी आवकमधूनच बाहेर काढा, उगाच जागा अडवतात.

३. डिस्क कोणती घ्यायची

टेम्पोत फिरणारी डिस्क एसएसडीच घ्या. साध्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि तिच्यावर अगदी बारीक अंतरावरून सुई वाचत असते. छोट्या हत्तीत तिला आर्णी रस्त्याचे खड्डे सोसावे लागतात, आणि मांडवात आपण तीच डिस्क बेसच्या पेटीवर ठेवतो. माझी मेली ती अशानेच असावी. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं.

कपाटात ठेवायच्या प्रतीला मात्र साधी हार्ड डिस्क बरी. स्वस्तात जागा जास्त मिळते, आणि एसएसडी वीज न देता महिनोन्महिने पडून ठेवणं चांगलं नाही. कपाटात एसएसडीच ठेवली असेल तर दोन-तीन महिन्यांनी तासभर जोडून ठेवत जा.

सापळा: बाजारात आणि ऑनलाइन '२ टीबी' लिहिलेले पेनड्राइव्ह चार-पाचशे रुपयांत दिसतात. ते खोटे असतात. आत जागा ३२ जीबीची, पण कॉम्प्युटरला २ टीबी सांगायला शिकवलेलं असतं. गाणी टाकताना सगळं ठीक दिसतं, नावंही दिसतात, आणि वाजवायला गेलं की अर्ध्याहून जास्त फाइली रिकाम्या. नवा पेनड्राइव्ह असो की डिस्क, आधी एच२टेस्टडब्ल्यू लावून पूर्ण तपासा. मोठ्या डिस्कला पूर्ण रात्र लागते. लागू द्या.

फॉरमॅटचं थोडक्यात. फक्त विंडोजवरच लागणार असेल तर एनटीएफएस. मॅकवाल्याशी देवाणघेवाण असेल तर एक्सफॅट, पण ती मधेच ओढून काढली तर बिघडण्याची भीती एनटीएफएसपेक्षा जास्त, म्हणून दरवेळी इजेक्ट करूनच काढा. थेट प्लेअरला लावायचा पेनड्राइव्ह फॅट३२ ठेवा, जुनी मशीनं तेवढंच वाचतात. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. गाण्यांना त्याने काही होत नाही, लग्नाचा मोठा व्हिडिओ टाकायला गेलात की अडतं.

४. पहिली पूर्ण प्रत, डेटाबेससकट

इथे जवळजवळ सगळे चुकतात. मीही चुकलो होतो. माझ्याकडे जुना बॅकअप होता, पण फक्त गाण्यांचा.

तुम्ही गाण्यावर क्यू लावता, बीट सरळ करता, रंग देता, यादी बनवता. हे सगळं कुठे साठतं ते प्रत्येक प्रोग्रामचं वेगळं आहे.

व्हर्च्युअल डीजेमध्ये क्यू आणि बीटची माहिती गाण्याच्या फाइलीत नसते, डेटाबेस नावाच्या एका वेगळ्या फाइलीत असते. ती 'व्हर्च्युअल डीजे' नावाच्या फोल्डरमध्ये सापडते. जुन्या आवृत्तीत हा फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये असायचा, नव्यात युजरच्या अॅपडेटामधल्या लोकलमध्ये असतो. अॅपडेटा लपवलेला असतो, म्हणून व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' वर खूण करा. गाणी बाहेरच्या ड्राइव्हवर असतील तर त्या ड्राइव्हवर असाच आणखी एक फोल्डर असतो आणि तिथल्या गाण्यांची माहिती त्यात असते. दोन्ही घ्या.

सेराटो वापरत असाल तर क्यू बऱ्यापैकी गाण्याच्या फाइलीतच लिहिले जातात, पण क्रेट, म्हणजे त्यातल्या याद्या, वेगळे राहतात. म्युझिक फोल्डरमध्ये आणि प्रत्येक बाहेरच्या ड्राइव्हच्या मुळाशी सेराटो नावाचा फोल्डर असतो, तो उचला.

रेकॉर्डबॉक्समध्ये फाइल मेनूत लायब्ररी आणि त्यात बॅकअप असा पर्यायच दिलेला आहे. तो वापरा, हाताने फोल्डर ओढत बसू नका.

डीजे प्रोग्राम पूर्ण बंद करा, मग प्रत घ्या. चालू असताना घेतलेला डेटाबेस अर्धवट निघू शकतो. १४४ जीबी यूएसबी २.० च्या पोर्टवरून जायला सव्वा ते दीड तास धरा, निळं पोर्ट (यूएसबी ३.०) असेल तर बरंच लवकर होतं. आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेवा, कारण आपल्याकडे लाईन नेमकी ९० टक्क्यांवर जाते.

सापळा: नव्या लॅपटॉपवर विंडोज तुमचा डॉक्युमेंट्स फोल्डर न विचारता वनड्राइव्हमध्ये घालतो. फुकट जागा फक्त ५ जीबी. जागा भरली की वर चढणं थांबतं, आणि कधीकधी फाइल लॅपटॉपवर नसतेच, नुसतं ढगाचं चिन्ह असतं. मांडवात रेंज नाही, ढग काय वाजवणार? डीजेच्या लॅपटॉपवर वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप बंद ठेवा.

दुसरा सापळाही नव्या लॅपटॉपचाच. विंडोज ११ वर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. लॅपटॉप बिघडला आणि दुरुस्तीवाल्याने डिस्क काढून दुसरीकडे लावली, की ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती आजच शोधून वहीत लिहून ठेवा. वही याचसाठी सांगितली.

५. दर सोमवारी नवीन तेवढं चढवा

आमच्याकडे शनिवार-रविवार काम, सोमवारी वायरी गुंडाळायच्या. तेव्हाच बॅकअप. फ्रीफाइलसिंकमध्ये डाव्या बाजूला लॅपटॉपचा फोल्डर आणि उजव्या बाजूला एसएसडी ठेवा, 'कम्पेअर' दाबा. काय नवीन आहे, काय बदललं, ते दिसतं. मग 'सिंक्रोनाइझ'.

यात तीन-चार प्रकार आहेत आणि त्यातला चुकीचा निवडला तर बॅकअपच तुमचा घात करतो. 'मिरर' म्हणजे उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी करायची. डावीकडून चुकून पूर्ण जयंतीचा फोल्डर उडाला असेल, तर मिरर तो उजवीकडूनही इमानेइतबारे उडवतो. 'अपडेट' नवीन आणि बदललेलं तेवढं चढवतो, काही पुसत नाही. नव्या माणसाने अपडेटच वापरावं. थोडा कचरा साठतो, तो वर्षातून एकदा पावसाळ्यात काढायचा. 'टू वे'ला तर हातच लावू नका, का ते पुढे येईल.

डेटाबेसची प्रत मात्र दर वेळी तारखेच्या नव्या फोल्डरात टाका. फाइल लहान असते, जागेची चिंता नाही. डेटाबेस आतून बिघडला तर दोन-दोन आठवडे कळत नाही, तोवर चांगल्या प्रतीवर खराब प्रत चढलेली असते. जुन्या चार-पाच तारखा हाताशी असल्या की मागे जाता येतं.

सिंक झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून डिस्कची तब्येत बघा. 'गुड' निळं असेल तर ठीक. पिवळं 'कॉशन' आलं तर त्याच दिवशी दुसरी डिस्क आणा, पुढच्या सुपारीचा बयाना यायची वाट बघू नका.

डिस्क आधीच टकटक करत असेल तर पुन:पुन्हा चालू करून बघायचं नाही, उघडायचं तर मुळीच नाही. मी वीस वेळा चालू केली. मग नागपूरला डेटा काढून देणाऱ्याकडे नेली, त्याने सांगितलेला आकडा माझ्या अख्ख्या सीझनच्या बयान्याएवढा होता. परत घेऊन आलो, अजून घरात पडली आहे.

६. एक प्रत घराबाहेर

तीन प्रती, दोन वेगळ्या जातीच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या छताखाली, असा जुना नियम आहे. लॅपटॉप, एसएसडी आणि हार्ड डिस्क तिन्ही एकाच खोलीत असतील तर वीज कडाडली, चोरी झाली किंवा छत गळलं की तिन्ही सोबत जातात. माझी हार्ड डिस्क मामेभावाकडे दिग्रसला असते, महिन्यातून एकदा जाऊन ताजी करून येतो. प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

सगळी लायब्ररी इंटरनेटवर चढवायच्या भानगडीत पडू नका, गावातल्या नेटवर १४४ जीबी चढवता चढवता सीझन संपेल. पण डेटाबेस आणि 'स्वतःचं' फोल्डर मिळून बहुतेकांचं १५ जीबीच्या आत बसतं, आणि गुगलच्या खात्याला तेवढी जागा फुकट आहे. त्यातच मेल आणि फोटोही मोजले जातात, म्हणून धंद्यासाठी वेगळं खातं काढा.

७. जोडीदाराला लायब्ररी द्यायची तर

लग्नाच्या दाट तिथीला एका ग्रुपचे दोन सेट दोन गावांत जातात. दोघांकडे तीच गाणी पाहिजेत. सुरुवातीला आम्ही काय करायचो? रात्री चहाच्या टपरीवर पेनड्राइव्ह बदलायचो. सहा महिन्यांत एकाच गाण्याच्या पाच-पाच प्रती, पाच नावांनी, आणि कोणाचं खरं ते कोणालाच माहीत नाही.

आता पद्धत अशी आहे. मूळ लायब्ररी एकच, आणि तिच्यात लिहिणारा हात एकच. आमच्यात तो माझा. जोडीदाराला नवीन गाणं मिळालं तर तो ते थेट हळदीत टाकत नाही, आवकमध्ये टाकून मला देतो. सोमवारी मी ऐकतो, नाव देतो, जागी ठेवतो, क्यू लावतो. मग मूळ लायब्ररीतून त्याच्या लॅपटॉपवर अपडेट. आवकमधून आत, मुळातून बाहेर, उलटं पाणी वाहू द्यायचं नाही. 'टू वे' सिंकने हेच मोडतं. त्याने त्याच्या लॅपटॉपवर जागा करायला ढेमसा पुसला, तर पुढच्या सिंकला तो माझ्याकडूनही जाईल.

क्यूचं भांडण वेगळं. व्हर्च्युअल डीजेचा डेटाबेस एक फाइल असल्याने माझी चढवली की त्याच्या लॅपटॉपवर त्याने लावलेले क्यू जातात. दोघांचे एकत्र आपोआप होत नाहीत. म्हणून आधीच ठरवा, कोणाचे क्यू चालणार. आमचा जोडीदार दोन दिवस रुसला होता, "भाऊ, माझ्या क्यूत का खराबी आहे?" म्हणे. शेवटी वरातीचे क्यू तो माझ्या लॅपटॉपवर बसून लावतो, कारण त्याचा हात त्यात खरंच चांगला आहे. दोन्ही लॅपटॉपवर गाण्यांच्या ड्राइव्हचं अक्षर आणि फोल्डरची नावं एकसारखी ठेवा, नाहीतर डेटाबेस देऊनही काही सापडणार नाही.

एखाद-दुसरं गाणं पाठवायचं असेल तर व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि नाव टिकतं. 'ऑडिओ' म्हणून पाठवलं की समोर तारीख आणि आकड्यांचं काहीतरी नाव पडतं, मग शोधा. जवळ बसलेले असाल तर क्विक शेअर. जुने शेअरइट आणि झेंडर २०२० च्या जूनमध्ये सरकारने बंद केलेल्या ५९ अॅपमध्ये होते, त्यांच्या नावाने फिरणाऱ्या फाइली बसवू नका.

दुसऱ्याचा पेनड्राइव्ह लावताच सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसले, तर तो व्हायरस आहे. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. खरे फोल्डर बहुतेक वेळा तिथेच लपवलेले असतात, 'हिडन आयटम्स' ने दिसतात. आधी अँटिव्हायरसने साफ करा, मग गाणी काढा. आणि तुमची बॅकअपची एसएसडी अशा वेळी लॅपटॉपला जोडलेली नको.

आता न आवडणारं बोलतो. विकत घेतलेलं गाणं किंवा डीजे पूलचं (डीजेंना वर्गणीवर गाणी देणाऱ्या साइटचं) सभासदत्व साधारणपणे एकट्याच्या वापरासाठी असतं. ते दहा डीजेंना वाटायचा हक्क त्यात येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली सवलत सांगून बरेच जण निर्धास्त असतात. कलम ५२ मधली ती सवलत धार्मिक विधी, वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणं *वाजवण्याबद्दल* आहे, प्रती काढून वाटण्याबद्दल नाही. हॉटेलातली ३१ डिसेंबरची पार्टी तर तिच्यात बसत नाही, तिथे पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे परवाने देणाऱ्या संस्थांच्या परवान्याचं आयोजकाला आधीच विचारून घ्या. जोडीदाराला बिनधास्त देता येतं ते आपलं: याद्या, क्यू, स्वतःच्या एंट्र्या.

गावातल्या गायकाचं रेकॉर्डिंग त्याला विचारल्याशिवाय देऊ नका. आमच्याकडच्या एका शाहिराचं भीमगीत मी विश्वासाने एकाला दिलं, महिन्याभरात ते दुसऱ्याच डीजेच्या नावाचा टॅग (गाण्यात मधेमधे घातलेली नावाची हाक) ठोकून यवतमाळभर वाजत होतं. शाहीर मला काही बोलले नाहीत, पण त्यानंतर रेकॉर्डिंगला मशीन लावू देत नाहीत. तुमच्या रिमिक्सचीही बिनटॅगची मूळ प्रत फक्त स्वतःकडे ठेवा, बाहेर टॅगवाली जाऊ द्या.

८. बॅकअप चालतो का, ते वाजवून बघा

पावसाळ्यात काम कमी असतं. तेव्हा जोडीदाराचा किंवा कोणाचाही दुसरा लॅपटॉप घ्या, त्याचा स्वतःचा डेटाबेस बाजूला काढून ठेवा, मग तुमच्या कपाटातल्या डिस्कवरून लायब्ररी आणि डेटाबेस चढवा आणि माझा लॅपटॉप मेला आहे असं समजून तासभर वाजवा. हळदीची यादी उघडते का? क्यू जागेवर आहेत का? प्रोग्रामचा पासवर्ड आठवतो का? मला पहिल्या वेळी तिसऱ्याच प्रश्नावर घाम फुटला. खातं जुन्या मोबाइल नंबरवर काढलेलं, आणि ते सिम कधीच बंद पडलं होतं. त्या दिवसापासून वहीत आणखी एक पान वाढलं.

९. कार्यक्रमाच्या दिवशी

मुख्य लॅपटॉप आणि एसएसडी सेटवर. लॅपटॉपचं चार्जर जनरेटरच्या लाईनवर थेट नको, मधे स्टॅबिलायझर किंवा यूपीएस पाहिजे, जनरेटर बंद-चालू होताना जो झटका येतो त्यात डिस्क जाते. लॅपटॉप मांडवाच्या सावलीत, टेम्पोच्या बंद केबिनमध्ये मे महिन्यात डिस्क भाजून निघते.

दोन्ही पेनड्राइव्हवर फॅट३२ मध्ये चारशे-पाचशे गाणी ठेवा: हळद, वरात, सगळं क्रमाने. फोल्डरला आकडे द्या म्हणजे लॅपटॉपशिवाय, नुसत्या मिक्सरच्या यूएसबीला लावूनही कार्यक्रम चालेल. एक पेनड्राइव्ह जोडीदाराच्या खिशात, एक तुमच्या. टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आमच्या ड्रायव्हरने एकदा तो टेम्पोच्या टेपला लावला, सामान उतरवून टेम्पो घेऊन घरी जेवायला गेला, आणि वरात निघायच्या वेळी नवरदेवाची एंट्री पाच किलोमीटरवर त्याच्या अंगणात वाजत होती.